खासगी विमानाच्या नोंदणी देशाची निवड

खासगी विमानाचा नोंदणी देश म्हणजे ज्या राष्ट्राच्या नागरी विमान नोंदवहीत ते विमान दाखल आहे ते राष्ट्र होय. नोंदणीमुळे विमानाला त्या राष्ट्राचे राष्ट्रीयत्व प्राप्त होते आणि त्याची उड्डाणयोग्यता, देखभाल, वैमानिकाचा परवाना व गहाणाची नोंद या बाबी प्रामुख्याने त्याच राष्ट्राच्या कायद्याखाली येतात. विमान कोठे बनले, मालक कोठे राहतो किंवा ते बहुतेक वेळ कोठे उभे असते यांवर राष्ट्रीयत्व ठरत नाही. लंडनमध्ये राहणाऱ्या मालकाचे, कॅनडात बनलेले आणि वर्षातील बराच काळ जिनिव्हाच्या हँगरमध्ये असणारे जेट विमान कायद्याच्या दृष्टीने सान मरिनोचे असू शकते. या मोकळिकीमुळे मालकाला काही प्रमाणात आपल्या विमानासाठी कायदाच निवडता येतो. मात्र ही निवड समजली जाते तितकी मोकळी नसते. विमान ज्या देशात उडते, ज्या देशात ठेवले जाते आणि मालक ज्या देशात कर भरतो, त्या देशांचे कायदे नोंदणी बदलल्याने सुटत नाहीत.

कायदेशीर पाया

विमानाच्या राष्ट्रीयत्वाची कल्पना १९१९ च्या पॅरिस करारात प्रथम आंतरराष्ट्रीय पातळीवर मांडली गेली. आज लागू असलेली चौकट ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे स्वाक्षऱ्या झालेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक कराराची आहे. भारतही मूळ स्वाक्षरीकर्त्यांपैकी होता. या कराराचे कलम १७ सांगते की विमानाचे राष्ट्रीयत्व ते जेथे नोंदलेले आहे त्या राष्ट्राचे असते. कलम १८ प्रमाणे एका विमानाची वैध नोंदणी एका वेळी एकापेक्षा अधिक राष्ट्रांत असू शकत नाही, परंतु नोंदणी एका राष्ट्रातून दुसऱ्या राष्ट्रात हलवता येते. कोणाचे विमान नोंदवून घ्यायचे हा प्रश्न कलम १९ ने प्रत्येक राष्ट्राच्या अंतर्गत कायद्यावर सोपवला आहे.

या शेवटच्या तरतुदीतच सगळ्या निवडीचे मूळ आहे. जहाजांच्या बाबतीत समुद्रविषयक आंतरराष्ट्रीय कायदा जहाज आणि ध्वजराष्ट्र यांच्यात खराखुरा संबंध असावा अशी अपेक्षा निदान शब्दांत तरी व्यक्त करतो. शिकागो करारात विमानांसाठी तशी अटच नाही. त्यामुळे एखाद्या राष्ट्राने परकीय मालकांना आपली नोंदवही खुली केली तर करारभंग होत नाही. मात्र नोंदणी देशावर येणारी जबाबदारी मोठी आहे. कलम ३१ प्रमाणे आंतरराष्ट्रीय उड्डाण करणाऱ्या विमानाचे उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र आणि कलम ३२ प्रमाणे त्याच्या वैमानिकाचा परवाना नोंदणी देशाने दिलेला किंवा त्याने मान्य केलेला असावा लागतो. याउलट कलम ११ व १२ प्रमाणे विमानाने जेथे उडत असेल तेथील उड्डाणनियम पाळायचे असतात. नोंदणी देश आणि प्रत्यक्ष वापराचा देश हे वेगळे असल्यास देखरेखीची काही कर्तव्ये कराराने एकाकडून दुसऱ्याकडे देता यावीत, यासाठी १९८० मध्ये कलम ८३ ची पुरवणी संमत झाली. ती १९९७ मध्ये अमलात आली.

नोंदणी चिन्हे

विमानाच्या बाह्यांगावर राष्ट्रीयत्व चिन्ह आणि नोंदणी चिन्ह एकत्र रंगवलेले असते. राष्ट्रीयत्व चिन्ह हे रेडिओ संदेशनासाठी राष्ट्रांना वाटून दिलेल्या आद्याक्षरांतून घेतले जाते. अमेरिकेचे चिन्ह एन, ब्रिटनचे जी, जर्मनीचे डी, माल्टाचे ९एच, सान मरिनोचे टी७ आणि अरूबाचे पी४ आहे. ब्रिटनच्या वाट्याच्या अक्षरांतूनच मॅन बेटाला एम, गर्न्सीला २, तर बर्म्युडा व केमन बेटांना अनुक्रमे व्हीपी-बी व व्हीपी-सी ही चिन्हे मिळाली आहेत.

भारताचे व्हीटी हे चिन्हही असेच ब्रिटिश साम्राज्याच्या वाट्यातून आले. 'व्हाइसरॉयचा प्रदेश' असा त्याचा विस्तार सर्रास सांगितला जातो आणि त्या आधारे ते बदलण्याची मागणी वेळोवेळी झाली आहे. परंतु ऑस्ट्रेलियाचे व्हीएच पाहिले, की व्ही या अक्षराचा संबंध साम्राज्याला मिळालेल्या अक्षरगटाशी आहे हे लक्षात येते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू धावपट्टीवर टपाल घेऊन उतरले, त्या पस मॉथ विमानावर व्हीटी-एडीएन हे चिन्ह होते.

निवडीतील मुद्दे

पात्रता. प्रत्येक नोंदवही प्रथम मालक कोण आहे हे पाहते. अमेरिकेत मालक अमेरिकी नागरिक, कायम निवासी किंवा अमेरिकी कंपनी असावा लागतो. कंपनी नागरिक गणली जाण्यासाठी तिचा अध्यक्ष आणि संचालक मंडळाचे किमान दोन तृतीयांश सदस्य अमेरिकी नागरिक हवेत व मतदानाचे किमान ७५ टक्के हक्क अमेरिकी नागरिकांकडे हवेत. परकीय मालक या अटीतून विश्वस्त निधीच्या मार्गाने वाट काढतात. विमानाचे कायदेशीर स्वामित्व अमेरिकी विश्वस्ताकडे राहते, लाभार्थी परदेशी असतो आणि विमान भाडेपट्ट्याने किंवा वापराच्या कराराने त्याच्याकडेच परत येते. ही व्यवस्था कायदेशीर आहे. तथापि विश्वस्तावर प्रभाव टाकण्याची किंवा त्याचे अधिकार मर्यादित करण्याची २५ टक्क्यांहून अधिक शक्ती परकीयांकडे असू नये असे बंधन आहे. ब्रिटनच्या कायद्यात राष्ट्रकुलातील नागरिक पात्र मानले जातात, त्यामुळे भारतीय नागरिकाला तेथे तत्त्वतः विश्वस्ताची गरज पडत नाही.

उड्डाणयोग्यता व देखभाल. लहान विमानाच्या मालकासाठी प्रत्यक्ष खर्चाचा फरक येथेच पडतो. अमेरिकी नियमांत खासगी वापराच्या लहान विमानाची वार्षिक तपासणी विशेष अधिकार असलेल्या एकट्या तंत्रज्ञाला करता येते. इंजिन उत्पादकाने सुचवलेल्या तासांनंतर ते पूर्णपणे उघडून दुरुस्त करणे खासगी वापरात बंधनकारक नसते. इंजिन चांगले चालत असेल तर ते पुढे वापरता येते. विमानात नवे उपकरण बसवण्यासाठी लागणाऱ्या पूरक मान्यताही अमेरिकेत विपुल उपलब्ध आहेत, कारण बाजारपेठच तेथे सर्वांत मोठी आहे. युरोपीय संघाची देखभाल नियमावली दीर्घकाळ याहून बोजड होती. लहान विमानांसाठी अलीकडे ती बरीच सैल करण्यात आली असून त्यामुळे या कारणापुरते अमेरिकी चिन्हाचे आकर्षण कमी झाले आहे.

वैमानिक परवाना. युरोपात राहणारे अनेक हौशी वैमानिक अमेरिकी चिन्हाची विमाने बाळगत, त्याचे मोठे कारण उपकरणाधारित उड्डाणाचा दाखला हे होते. ढगांतून व कमी दृश्यमानतेत उडण्यासाठी तो आवश्यक असतो. युरोपात त्यासाठी द्याव्या लागणाऱ्या लेखी परीक्षा व्यावसायिक वैमानिकाच्या तोडीच्या होत्या. अमेरिकेत हाच दाखला खासगी वैमानिकाच्या आवाक्यातला होता. विमान अमेरिकी असले की अमेरिकी परवान्यावर ते युरोपात उडवता येई. युरोपीय संघाने ही वाट जवळजवळ बंद केली आहे. विमान चालवणारा संघात राहणारा असेल तर, विमानाचे चिन्ह कोणतेही असो, वैमानिकाकडे युरोपीय परवानाही हवा, असा नियम संघाने केला. त्याची अंमलबजावणी वारंवार पुढे ढकलली गेली. दरम्यान २०१४ पासून हौशी वैमानिकांसाठी सोपा अभ्यासक्रम आला आणि २०२० मध्ये अमेरिका व युरोपीय संघ यांच्यातील परवाना रूपांतराचा करार अमलात आला. नोंदणी बदलून परवान्याची अट टाळण्याचा काळ त्यामुळे सरला असे म्हणता येते.

ब्रिटन युरोपीय विमान सुरक्षा यंत्रणेतून ३१ डिसेंबर २०२० रोजी बाहेर पडला तेव्हा याच प्रश्नाने उलट दिशेने डोके वर काढले. ब्रिटिश परवान्यावर युरोपीय चिन्हाची विमाने चालवता येईनाशी झाली. अनेकांना एक तर परवाना हलवावा लागला किंवा विमान.

वापराचा प्रकार. काही नोंदवह्या केवळ खासगी वापरासाठी आहेत. मॅन बेटाच्या नोंदवहीत भाड्याने प्रवासी नेणारी विमाने घेतली जात नाहीत. मालक स्वतः वापरत नसेल तेव्हा विमान भाडेसेवेला देऊन खर्चाची काही भरपाई करू पाहणाऱ्यांना माल्टा किंवा ऑस्ट्रियासारखी नोंदवही पाहावी लागते. परदेशी चिन्हाच्या विमानाला एखाद्या देशाच्या दोन ठिकाणांदरम्यान मोबदला घेऊन वाहतूक करता येत नाही असा सर्वसाधारण दंडक आहे. शिकागो कराराचे कलम ७ राष्ट्रांना तो अधिकार देते.

कर. नोंदणी देश निवडला की कर चुकतो, हा या विषयातील सर्वांत रूढ गैरसमज आहे. युरोपीय संघात मूल्यवर्धित कर लागतो तो विमान संघाच्या सीमाशुल्क क्षेत्रात वापरासाठी आणल्यावर. शेपटीवरील अक्षरे त्यात दुय्यम असतात. संघाबाहेर नोंदलेले विमान कर न भरता सहा महिन्यांपर्यंत संघात आणण्याची मुभा आहे. पण त्यासाठी ते संघाबाहेरील व्यक्तीच्या नावावर आणि सामान्यतः संघाबाहेरील व्यक्तीच्याच वापरात असावे लागते. पॅरिसमध्ये राहणाऱ्या मालकाने विमान अमेरिकी विश्वस्ताच्या नावे केले म्हणून त्याला ही सवलत मिळत नाही.

मॅन बेट या बाबतीत वादात सापडले. नोव्हेंबर २०१७ मध्ये 'पॅराडाइज पेपर्स' या नावाने प्रसिद्ध झालेल्या कागदपत्रांतून असे दिसले, की अनेक जेट विमाने या बेटावर आयात केल्याचे दाखवून, भाडेपट्टा कंपन्यांच्या साखळीद्वारे आयातीवरील मूल्यवर्धित कर परत मिळवण्यात आला होता. खासगी सहलींसाठी वापरल्या जाणाऱ्या विमानांवर अशी परतफेड देय नसते, हा टीकेचा मुख्य मुद्दा होता. २०१८ मध्ये युरोपीय आयोगाने या संदर्भात ब्रिटनविरुद्ध कारवाई सुरू केली. आयात आणि नोंदणी या दोन वेगळ्या क्रिया आहेत. सार्वजनिक चर्चेत मात्र त्या एकत्र गोवल्या गेल्या आणि नोंदवहीलाही बोल लागला.

वित्तपुरवठा. विमान कर्जाऊ घेतले असेल तर निवड बहुधा बँकच करते. २००१ च्या केपटाऊन कराराने मोठ्या विमानांवरील गहाण व भाडेपट्ट्यांचे हक्क डब्लिन येथून चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत नोंदवण्याची सोय केली आहे. चालकदलासह किमान आठ माणसे नेऊ शकणाऱ्या विमानांना तो लागू होतो. कर्ज थकल्यास नोंदणी रद्द करून विमान बाहेर नेण्याचे अधिकारपत्र धनकोला आधीच देऊन ठेवता येते. ते अधिकारपत्र कोणता देश खरोखर पाळतो, हे धनकोच्या दृष्टीने चिन्हाच्या प्रतिष्ठेपेक्षा महत्त्वाचे असते.

गोपनीयता. बहुतेक नोंदवह्या मालकाचे नाव उघड ठेवतात. कंपनी किंवा विश्वस्त मधे घातल्यास खरा मालक दिसत नाही. विमाने आपले स्थान रेडिओवरून सतत प्रसारित करतात आणि त्यातील २४ अंकी द्विमान संकेत नोंदणी देशाने दिलेला असतो, त्यामुळे हौशी निरीक्षकांनाही कोणाचे विमान कोठे गेले हे कळते. अमेरिकेत यावर उपाय म्हणून अमेरिकी नोंदणीच्या विमानांना पर्यायी संकेत घेण्याची योजना आहे, पण ती देशांतर्गत उड्डाणांपुरतीच आहे.

प्रमुख नोंदवह्या

अमेरिकेची नोंदवही ओक्लाहोमा सिटी येथून चालते आणि ती जगातील सर्वांत मोठी आहे. तिचे नोंदणी शुल्क केवळ ५ डॉलर राहिले आहे. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने मार्च २०२० च्या अहवालात दाखवून दिले, की अर्जदारांनी दिलेली बरीचशी माहिती पडताळणीविना स्वीकारली जाते आणि या शुल्कातून नोंदवहीचा खर्चही निघत नाही. जुने चिन्ह आणि विमानाच्या किमतीला मिळणारी स्थिरता यांमुळे परकीयांची पसंती तरीही टिकून आहे.

मॅन बेटाची नोंदवही १ मे २००७ रोजी सुरू झाली. खासगी व कंपन्यांच्या जेट विमानांवर तिने लक्ष केंद्रित केले आणि कार्यालयीन तत्परतेमुळे ती थोड्याच वर्षांत युरोपातील महत्त्वाची नोंदवही बनली. एम नंतर चार अक्षरे येत असल्याने आपले नाव किंवा एखादा शब्द विमानावर मिरवता येतो, हेही एक किरकोळ आकर्षण होते. बर्म्युडा, केमन बेटे व अरूबा यांच्या नोंदवह्या मोठ्या जेट विमानांसाठी परिचित आहेत. सान मरिनोची कथा मौजेची आहे. या प्रजासत्ताकाच्या हद्दीत लहान विमानांसाठी गवताची एक धावपट्टी आहे, जेट उतरेल असा विमानतळ नाही. जवळचा रिमिनी विमानतळ इटलीत आहे. तरीही टी७ चिन्हाची जेट विमाने जगभर दिसतात.

देखरेखीचा प्रश्न

नोंदणी देश आणि वापराचा देश वेगळे असले की विमानाकडे कोणी पाहायचे, हा प्रश्न २१ जानेवारी २०१९ च्या अपघाताने ठळक केला. अर्जेंटिनाचा फुटबॉलपटू एमिलियानो साला फ्रान्समधील नान्त येथून वेल्समधील कार्डिफला जात असताना, एका इंजिनाचे पायपर मालिबू विमान गर्न्सीजवळ इंग्लिश खाडीत कोसळले. साला आणि वैमानिक दोघेही मृत्युमुखी पडले. विमान अमेरिकी नोंदणीचे, विश्वस्ताच्या नावावर होते. ते ठेवलेले, चालवलेले आणि उडवलेले मात्र ब्रिटनमधून जात होते. ब्रिटनच्या हवाई अपघात अन्वेषण शाखेचा अहवाल मार्च २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. रात्रीच्या वेळी हाताने चालवताना विमानावरील ताबा सुटला आणि अतिवेगामुळे ते हवेतच मोडले. वैमानिकावर बहुधा कार्बन मोनॉक्साइडचा परिणाम झाला होता, असा निष्कर्ष त्यात आहे. वैमानिकाकडे रात्रीच्या उड्डाणाचा दाखला नव्हता, त्याच्या परवान्यातील आवश्यक नोंदीची मुदत संपलेली होती आणि मोबदल्यासाठी प्रवासी नेण्याचा परवाना त्याच्याकडे मुळीच नव्हता.

अमेरिकी चिन्हामुळे अपघात घडला असे अहवाल म्हणत नाही आणि तसे म्हणणे योग्यही होणार नाही. पण परदेशी नोंदणीच्या विमानातून मोबदला घेऊन प्रवासी नेण्यास ब्रिटनची स्वतंत्र परवानगी लागते व ती घेतलेली नव्हती. अशा उड्डाणाकडे अमेरिकी यंत्रणा दुरून पाहू शकत नाही आणि ब्रिटिश यंत्रणेच्या रोजच्या कागदपत्रांत ते विमान येतच नाही. उड्डाणाची व्यवस्था करणाऱ्याला ऑक्टोबर २०२१ मध्ये ब्रिटिश न्यायालयाने विमानाची सुरक्षितता धोक्यात आणल्याबद्दल दोषी ठरवले आणि पुढील महिन्यात १८ महिन्यांची शिक्षा दिली. कायद्याने त्याला गाठले ते वापराच्या देशात.

युक्रेनवरील आक्रमणानंतर २०२२ मध्ये हीच बाब राज्यांच्या पातळीवर दिसली. रशियन कंपन्या चालवत असलेली शेकडो प्रवासी विमाने बर्म्युडा व आयर्लंडमध्ये नोंदलेली होती. निर्बंधांमुळे त्यांची तपासणी करणे अशक्य झाल्याने बर्म्युडाने १२ मार्च २०२२ पासून त्यांची उड्डाणयोग्यता प्रमाणपत्रे स्थगित केली. रशियाने मूळ नोंदणी रद्द न होताच अनेक विमाने आपल्या नोंदवहीत घेतली, म्हणजे एकच विमान दोन राष्ट्रांचे झाले. कलम १८ नेमके हेच निषिद्ध करते. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकी न्यायालयाने रोमान अब्रामोविच यांच्याशी संबंधित दोन खासगी जेट विमानांच्या जप्तीचे अधिपत्र काढले. त्यांपैकी बोइंग ७८७ अरूबाच्या आणि गल्फस्ट्रीम लक्झेंबर्गच्या चिन्हाखाली होते. अमेरिकेत बनलेली विमाने परवान्याविना रशियात नेल्याने अमेरिकी निर्यात कायद्याचा भंग झाला, हा अधिपत्राचा आधार होता. विमाने कोठे नोंदलेली आहेत याने त्यात फरक पडला नाही.

भारतातील स्थिती

भारतात नोंदणीचे काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालय करते. १९३४ च्या विमान अधिनियमाची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली. केपटाऊन करारात भारत २००८ मध्ये सामील झाला, पण त्याला देशांतर्गत कायद्याचे पूर्ण बळ २०२५ च्या स्वतंत्र अधिनियमानेच मिळाले. मधल्या काळात कर्ज थकलेली विमाने परत मिळवताना परदेशी भाडेपट्टेदारांना न्यायालयात झगडावे लागले होते. त्यामुळे धनकोंच्या नजरेत व्हीटी हे चिन्ह काहीसे जोखमीचे ठरले होते.

भारतीय मालकाच्या निर्णयात कराचा वाटा मोठा असतो. वैयक्तिक वापराच्या विमानांवरील वस्तू व सेवा कराचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून ४० टक्के झाला. इतर विमानांवर तो ५ टक्के आहे. या तफावतीमुळे अनेक उद्योगसमूह विमान अनियमित भाडेसेवेच्या परवान्याखाली आणतात. अशी विमाने प्रत्यक्षात समूहाच्याच लोकांसाठी वापरली जातात की खरोखर भाड्याने दिली जातात, यावरून सीमाशुल्क विभाग आणि मालक यांच्यात अनेक वाद झाले आहेत. गांधीनगरजवळील गिफ्ट सिटीतून भाडेपट्ट्याने विमान घेण्याचा मार्गही अलीकडे उपलब्ध झाला आहे. परदेशी चिन्ह ठेवून विमान कायम भारतात वापरणे मात्र व्यवहार्य नाही. सीमाशुल्क, परकीय चलनाचे नियम, वैमानिकाचा परवाना आणि देशांतर्गत वाहतुकीवरील बंधन ही चारही कुंपणे एकाच वेळी ओलांडावी लागतात.

नोंदणी बदलणे

नोंदणी हलवताना जुन्या देशाने नोंद रद्द केल्याचे प्रमाणपत्र दिल्याखेरीज नवा देश विमान स्वीकारत नाही. दोन नोंदींच्या मधल्या काळात विमान कोणत्याच राष्ट्राचे नसते आणि ते उडवता येत नाही. म्हणून ही अदलाबदल हँगरमध्ये, शक्य तर एकाच दिवशी, केली जाते. बहुधा निर्यातीचे उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते, देखभालीची सारी कागदपत्रे तपासली जातात आणि जुन्या देशाने मान्य केलेले परंतु नव्या देशाला मान्य नसलेले बदल एक तर पुन्हा मंजूर करून घ्यावे लागतात किंवा काढून टाकावे लागतात. एखाद्या जुन्या दुरुस्तीचा कागद न सापडल्याने विमान आठवडेच्या आठवडे अडकून पडणे असामान्य नाही. त्यानंतर रेडिओ परवाना व विमा नव्या चिन्हाने घेतला जातो, तसेच प्रतिसादक यंत्र आणि आपत्कालीन स्थानदर्शक यांतील संकेत बदलले जातात. शेवटी जुनी अक्षरे पुसून नवी रंगवली जातात. आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे ती पंखाखाली किमान ५० सेंटिमीटर आणि धडावर किमान ३० सेंटिमीटर उंचीची असावी लागतात. विमानाच्या आत, मुख्य दाराजवळ बसवलेली अग्निरोधक धातूची ओळखपट्टीही त्याच वेळी नव्या चिन्हाने कोरून बदलली जाते.